आजीचं रक्त नळीत चिकटतंय म्हणजे नक्की काय झालं

डिसेंबरातल्या एका पहाटे वॉर्डातून सँपल आलं. जांभळ्या झाकणाची ट्यूब, पेशंट ७८ वर्षांच्या आजी, हिमोग्लोबिन ५.८, फॉर्मवर लाल पेनाने अर्जंट लिहिलेलं. मी ट्यूब तिरकी केली तर रक्त काचेवरून नेहमीसारखं सरळ ओघळेना, मागे बारीक बारीक कण राहत होते, ओला रवा भांड्याला चिकटून राहावा तसे. अशा वेळी पहिलं मनात येतं की सँपल गोठलंय, दुसरं मागवू. पण मी ती ट्यूब वॉटर बाथमध्ये ३७ डिग्रीला दहाएक मिनिटं ठेवली आणि काढून परत तिरकी केली तर कण गायब, रक्त एकसारखं. टेबलावर ठेवून दुसरं काम उरकून आले तर पुन्हा कण. ज्यांच्या घरी थंडीत खोबरेल तेलाची बाटली घट्ट होते आणि उन्हात ठेवली की पातळ होते त्यांना हे लगेच कळेल. खरोखर गोठलेलं रक्त ऊब दिली म्हणून विरघळत नाही, हे विरघळलं म्हणजे ते गोठलेलं नव्हतंच, आत लाल पेशी एकमेकींना चिकटल्या होत्या आणि उबेत सुटल्या.

खिडकीशी त्यांचा मुलगा उभा होता. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की तुमच्या आईचं रक्त कुणाशीच जुळत नाहीये, आणि तो म्हणत होता मॅडम माझं घ्या, मी सख्खा मुलगा आहे, माझं तर जुळेल ना. मी ब्लड बँकेत बरीच वर्षं काम करते आणि हा प्रश्न मला दर हिवाळ्यात दोन-तीनदा तरी ऐकायला मिळतो, म्हणून एकदा सगळं नीट लिहून टाकते.

अँटीबॉडी म्हणजे शरीराने परक्या गोष्टीला पकडायला बनवलेली प्रथिनं. त्यातला एक प्रकार आयजीएम, हा आकाराने मोठा, पाच तुकडे एकत्र जोडलेला, पकडायला दहा हात. हात इतके की एकाच वेळी तीन-चार लाल पेशी धरून ठेवू शकतो, त्यामुळे पेशींचे पुंजके होतात आणि ते डोळ्याला दिसतात. काही आयजीएम अँटीबॉडी फक्त गारव्यातच काम करतात, ४ डिग्रीला सगळ्यात जोरात, जसजशी ऊब वाढेल तसतशी पकड ढिली. यांना कोल्ड अँटीबॉडी म्हणतात, किंवा कोल्ड अग्लुटिनिन. रक्तगटांचा शोध लावणाऱ्या लँडस्टायनर यांनीच १९०३ मध्ये हा प्रकार पहिल्यांदा नोंदवला, म्हणजे हे प्रकरण रक्तगटांइतकंच जुनं आहे.

आणि हे आधीच सांगून ठेवते, थोड्या कोल्ड अँटीबॉडी जवळजवळ सगळ्यांच्या रक्तात असतात, तुमच्या माझ्याही. त्या ४ डिग्रीला थोडंफार चिकटवतात, २० डिग्रीच्या वर गेलं की गप्प. आपलं शरीर ३७ डिग्रीला, त्यामुळे आयुष्यभर त्यांचा पत्ताही लागत नाही. म्हणून रिपोर्टवर कोल्ड अँटीबॉडी असा शब्द दिसला की लगेच घाबरायचं कारण नाही. लोक टायटर बघतात, म्हणजे ती अँटीबॉडी किती पातळ केली तरी दिसते तो आकडा, आणि ५१२ किंवा १०२४ दिसलं की हादरतात. आकडा बघायचाच, पण त्याहून महत्त्वाचं हे की ती अँटीबॉडी किती डिग्रीपर्यंत जागी राहते. टायटर मोठा आणि २२ डिग्रीला झोपणारी असेल तर ती त्या मानाने गरीब, आणि टायटर लहान पण ३२-३४ डिग्रीपर्यंत जागी असेल तर ती त्रास देणारच, कारण थंडीत बोटांची टोकं, नाक, कान हे तीस डिग्रीच्या खालीसुद्धा जातात. पूर्ण लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही, सगळा खेळ तापमानाचा आहे.

त्रास होतो कसा ते बघा. गार बोटांमधून रक्त जाताना अँटीबॉडी लाल पेशींना धरते, पेशी चिकटतात, बोटं निळी-जांभळी पडतात, आणि त्याच वेळी ती पेशीवर कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांची खूण मारून जाते. रक्त परत छातीकडे उबेत आलं की अँटीबॉडी सुटते, निघून जाते, पण खूण तशीच राहते. मग लिव्हरमधल्या भक्षक पेशी ती खूण बघून लाल पेशी गिळायला लागतात. असं रोज होत राहिलं की हिमोग्लोबिन उतरतं, डोळे पिवळसर दिसतात, आणि कधी जोरात झालं तर लघवी कोऱ्या चहासारखी होते. कूम्ब्स टेस्ट, म्हणजे लाल पेशीवर काय चिकटलंय ते बघणारी तपासणी, केली की अँटीबॉडी स्वतः सापडत नाही, मागे राहिलेली कॉम्प्लिमेंटची खूण सापडते, ठसे बघून चोर ओळखावा तसं.

वयस्कर लोकांतच का? तरुणांमध्ये हे बहुतेक मायकोप्लाझ्मा न्यूमोनिया किंवा तशा एखाद्या इन्फेक्शननंतर येतं आणि काही आठवड्यांत आपोआप जातं. साठी-सत्तरीनंतर जे येतं ते वेगळं, त्यात बोनमॅरोमध्ये अँटीबॉडी बनवणाऱ्या बी-पेशींचा एक छोटा गट हळूहळू वाढलेला असतो आणि तो एकच अँटीबॉडी बनवत राहतो, वर्षानुवर्षं. नॉर्वेसारख्या थंड देशात हा आजार उत्तर इटलीपेक्षा जास्त सापडलाय. आपल्याकडे हवा उबदार, तरी नाशिक-निफाडकडची जानेवारीतली पहाट काही कमी नसते, आणि आयसीयूचा एसी तर बाराही महिने चालू असतो.

आता लॅबमधला गोंधळ, कारण नातेवाईकांचे निम्मे हेलपाटे यामुळेच होतात. पहिला गोंधळ सीबीसीमध्ये. मशीन पेशी मोजतं आणि चिकटलेला पुंजका त्याला एकच मोठी पेशी वाटतो. या आजींचा लाल पेशींचा आकडा आला ०.९, पेशीचा आकार ११८, आणि एमसीएचसी ५४. एमसीएचसी, म्हणजे लाल पेशीत हिमोग्लोबिन किती दाट भरलंय तो आकडा, साधारण ३२ ते ३६ असतो, ५४ असा आकडा माणसात असूच शकत नाही. हिमोग्लोबिन मात्र बरोबर येतं कारण ते मोजताना मशीन पेशी फोडूनच मोजतं. सँपल ३७ डिग्रीला गरम करून परत लावलं की आकडे जागेवर येतात. तुमच्याकडे असा रिपोर्ट आला असेल, लाल पेशी फारच कमी आणि एमसीएचसी चाळीसच्या वर, तर डॉक्टरांना नक्की दाखवा, कधी कधी याच आकड्यामुळे आजार पहिल्यांदा लक्षात येतो.

दुसरा गोंधळ ब्लड ग्रुपमध्ये. आपण ग्रुप दोन बाजूंनी बघतो, पेशंटच्या पेशींवरून आणि पेशंटच्या सिरमवरून (रक्तातला पेशी सोडून उरलेला पातळ भाग), दोन्ही उत्तरं जुळली तरच ग्रुप लिहायचा. इथे पेशी आधीच चिकटलेल्या, त्यामुळे प्रत्येक ट्यूबमध्ये चिकटणं दिसतं आणि ओ ग्रुपचा माणूस एबी वाटू शकतो, आणि सिरम सगळ्या पेशी चिकटवतं म्हणून ती बाजूही बिघडते. मग पेशी गरम सलाईनने धुवायच्या, तीन-चार वेळा, सिरम गरम, रिएजंट म्हणजे तपासणीची द्रावणं गरम, ट्यूब गरम, सगळं ३७ ला. तरी पेशी सुटल्या नाहीत तर डीटीटी नावाचं केमिकल वापरून आयजीएमचे तुकडे करतात. यात वेळ जातो. ज्या क्रॉसमॅचला, म्हणजे पेशंटचं रक्त पिशवीशी जुळवून बघायला, एरवी तासभर लागतो त्याला इथे चार-पाच तासही लागतात आणि बाहेर नातेवाईकांना वाटतं की आतले लोक बसून आहेत. खरंच नाही हो, आत एक माणूस गरम सलाईनची बाटली हातात धरून उभा असतो.

सँपलसुद्धा उबेत यायला हवं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी सँपल घेऊन नातेवाईकच खाली येतात, आणि काळजीपोटी बर्फाच्या पॅकवर ठेवून आणतात. नेहमीच्या काही टेस्टना ते चालतं, इथे उलटं होतं. ट्यूब आधी कोमट करून, रक्त घेतल्या घेतल्या ३७ डिग्रीच्या पाण्याच्या थर्मासात घालून, लगेच आणायची. हात भाजेल असं कडक पाणी नको, बाळाला आंघोळ घालतो तसं.

पण या सगळ्या धडपडीचं खरं कारण वेगळंच आहे, आणि ते मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं. कोल्ड अँटीबॉडी आवाज फार करते, आणि त्या आवाजात दुसरी एखादी खरी धोकादायक अँटीबॉडी लपून बसू शकते. आजींना पाच बाळंतपणं झालेली, बावीस वर्षांपूर्वी गर्भाशय काढताना दोन बाटल्या रक्त चढवलेलं. बाळंतपणात किंवा आधीच्या रक्तामुळे शरीराने अँटी-ई, अँटी-लहान सी, अँटी-केल, अँटी-किड अशा, परक्या लाल पेशींवरच्या ई, लहान सी, केल, किड या अँटीजेनविरुद्धच्या अँटीबॉडी बनवलेल्या असू शकतात, त्या ३७ डिग्रीलाच काम करतात आणि चुकीचं रक्त गेलं तर त्यानेच खरी रिअ‍ॅक्शन येते. म्हणून सगळं गरम ठेवून, फक्त आयजीजी (अँटीबॉडीचा दुसरा, आकाराने लहान प्रकार, या उबेतल्या अँटीबॉडी त्यातल्या) ओळखणारं रिएजंट वापरून ही लपलेली अँटीबॉडी शोधायची असते. नुसतं गरम करूनही भागलं नाही तर पेशंटच्याच पेशी पेशंटच्याच सिरममध्ये गारव्याला ठेवून कोल्ड अँटीबॉडी शोषून घेतात आणि उरलेलं सिरम तपासतात. मात्र गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलेलं असेल तर हे करता येत नाही, कारण पेशंटच्या रक्तात परक्या डोनरच्या पेशी मिसळलेल्या असतात आणि त्या नेमकी आपल्याला हवी ती अँटीबॉडीही शोषून घेतात. म्हणून आम्ही परत परत विचारतो, पेशंटला आधी कधी रक्त चढवलंय का, कुठे, कधी. आणि मुलं सांगतात नाही, कधीच नाही, कारण त्यांना माहीतच नसतं, ते तेव्हा शाळेत होते. आजींनाच विचारा, किंवा त्यांच्या बहिणीला.

आता मुलाचा प्रश्न, माझं रक्त जुळेल ना. ही अँटीबॉडी बहुतेक वेळा लाल पेशीवरच्या आय नावाच्या अँटीजेनला, म्हणजे अँटीबॉडी जिथे पकडते त्या जागेला, धरते, मोठा आय (इंग्रजी कॅपिटल I). हा मोठा आय जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाच्या पेशीवर असतो, आईच्या स्वतःच्या पेशींवर आहे, मुलाच्या आहे, माझ्या आहे. जन्मलेल्या बाळाच्या पेशींवर लहान आय असतो, दीड-दोन वर्षांत त्याचा मोठा होतो. मोठा आय नसलेला डोनर शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं, आणि त्याची गरजही नसते. शिवाय जवळच्या नात्यातलं रक्त थेट चढवणं आम्ही टाळतोच, त्यात वेगळे धोके आहेत. तेव्हा कुणाशीच जुळत नाही याचा अर्थ इतकाच की थंड ट्यूबमध्ये कुणाशीच जुळत नाही.

इथे एक उलटं वाटेल असं सांगते. ओ ग्रुप सगळ्यांना चालतो असं आपण शाळेपासून ऐकलंय. पण काही कोल्ड अँटीबॉडी आय आणि एच दोन्ही मिळून बघतात, एच हाही लाल पेशीवरचा एक अँटीजेन, आणि तो सगळ्यात जास्त ओ ग्रुपच्या पेशींवर असतो. ए ग्रुपच्या आजोबांमध्ये ही अँटीबॉडी असेल तर ओ ची पिशवी जास्त चिकटते आणि त्यांच्याच ए ची पिशवी छान जुळते. तेव्हा ए मिळत नाही तर ओ द्या म्हणून ब्लड बँकेवर दबाव आणू नका.

एच चा विषय निघाला आणि आपलं मुंबईचं उदाहरण सांगितलं नाही असं कसं होईल. बॉम्बे ब्लड ग्रुप, १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी जगापुढे आणला. या लोकांच्या पेशींवर एच नसतोच, आणि त्यांच्याकडची एच विरुद्धची अँटीबॉडी ३७ डिग्रीलाही पूर्ण जागी असते, त्यामुळे त्यांना ओ रक्त गेलं तर जिवावर बेततं. पेशींवरून बघितलं तर ते ओ च वाटतात. म्हणजे बघा, अँटीबॉडी त्याच एच वर, पण एक २० डिग्रीला झोपते आणि दुसरी ३७ ला जागी. म्हणून ओ ग्रुपचा पेशंट सगळ्या ओ पिशव्यांशी चिकटत असेल तर कोल्डच असेल असं गृहीत धरून कुणी मोकळं होऊ नये, उबेत तपासून बघायलाच हवं. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, अवघड सँपल अशा ठिकाणी पाठवता येतात.

एवढं करून पिशवी मिळते. आणि मला हे ठासून सांगायचंय की कोल्ड अँटीबॉडी आहे म्हणून रक्तच द्यायचं नाही असं कधीही नसतं. हिमोग्लोबिन ४ वर आलंय, छातीत दुखतंय, दम लागलाय, तर शंभर टक्के जुळणाऱ्या पिशवीची वाट बघत बसणं जास्त धोक्याचं. अशा वेळी डॉक्टर आणि ब्लड बँक बोलून, त्यातल्या त्यात बरी पिशवी, देखरेखीत देतात. मात्र आजी आरामात बसल्यात, जेवतायत आणि आकडा साडेसात आहे, तर घाई कशाला? वयस्कर म्हणजे दहाच्या वर हवंच हा जुना हिशेब आता राहिला नाही. मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालेल्या, सरासरी ८१ वर्षांच्या २००० हून जास्त पेशंटवर अमेरिका-कॅनडात मोठा अभ्यास झाला, २०११ मध्ये छापून आला, त्यात १० पर्यंत रक्त देऊन ८ पेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही.

रक्त देताना पेशंट उबदार हवा, ही पहिली गोष्ट. एसी बंद किंवा कमी, कानटोपी, पायमोजे, हातमोजे, ब्लँकेट, आणि ज्या हाताला सुई आहे तो हात उघडा ठेवू नका, तोही गुंडाळा. सलाईनसुद्धा गार नको. पिशवी फ्रिजमधून येते, २ ते ६ डिग्री, ती ब्लड वॉर्मरमधून द्यायची. वॉर्मर पेशंटच्या जवळ, पुढची नळी आखूड, नाहीतर हळू चाललेलं रक्त वाटेत परत गार होतं. वॉर्मर हवाच असं सिद्ध करणारा मोठा अभ्यास नाही, पण नीट वापरला तर नुकसान नाही, म्हणून सगळीकडे तोच सल्ला असतो.

आणि हात जोडून सांगते, पिशवी घरगुती पद्धतीने गरम करू नका. मी लोकांना पिशवी काखेत धरून बसलेलं बघितलंय, उन्हात ठेवलेली बघितलीय, एकदा तर गरम पाण्याच्या बादलीत बुडवलेली परत आली होती. ४२ डिग्रीच्या वर लाल पेशी पिशवीतच फुटतात, ते फुटलेलं रक्त आत गेलं की किडनी बसते, आणि रिअ‍ॅक्शन आली की सगळे म्हणतात रक्त जुळलं नव्हतं. मायक्रोवेव्हचा तर विचारही नको.

दुसरी गोष्ट फक्त पॅक्ड सेल्स, म्हणजे प्लाझ्मा काढून टाकलेल्या लाल पेशी. प्लाझ्मामध्ये कॉम्प्लिमेंट असतं, म्हणजे तीच खूण मारणारी प्रथिनं, खरंच गरज असल्याशिवाय प्लाझ्मा देणं म्हणजे चुलीत लाकूड सारणं. आजींच्या ज्या पेशी वाचल्या त्यांच्यावरची खूण झिजलेली असते आणि ती झिजलेली खूण नवी खूण बसू देत नाही, नव्या पेशींना हे संरक्षण नसतं, त्यामुळे त्या आजींच्या स्वतःच्या पेशींपेक्षाही लवकर फुटू शकतात. म्हणून एक पिशवी दिली की हिमोग्लोबिन साधारण एकने वाढायला हवं ते इथे वाढेलच असं नाही, आणि लगेच दुसरी मागू नये.

तिसरी गोष्ट वयाची, आणि माझ्या मते यात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. वयस्कर हृदयाला एकदम आलेलं पाणी झेपत नाही, फुप्फुसात पाणी भरतं. सत्तरीच्या पुढे, वजन कमी, हार्टचा किंवा किडनीचा त्रास, अशांना एका वेळी एकच पिशवी, हळू, तासाला किलोमागे साधारण १ एमएल. आता ५० किलोच्या आजींना तासाला ५० एमएल म्हटलं तर अडीचशे-तीनशे एमएलच्या पिशवीला पाच-सहा तास लागतील, आणि पिशवी लावल्यापासून चार तासांत संपवायची असते. यावर उपाय आहे, ब्लड बँकेला आधीच सांगितलं तर पिशवी दोन भागांत करून देतात, अर्धी आत्ता, अर्धी फ्रिजमध्ये. हे मागता येतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पहिली पंधरा मिनिटं कुणीतरी जवळ बसा. थंडी वाजणं, कंबर दुखणं, लघवी काळपट, किंवा नवा खोकला, आडवं झोपवत नाही, उगाच तळमळ, यातलं काहीही दिसलं तर सिस्टरना लगेच हाक मारा. विसराळूपणा असलेले आजी-आजोबा बोलून सांगत नाहीत, नळी ओढायला लागतात, चादर फेकतात, तेही लक्षणच समजा.

रक्त हा तात्पुरता आधार, मूळ आजाराचं औषध वेगळं. स्टिरॉइड यात फारसं चालत नाही, स्प्लीन काढून उपयोग नाही कारण पेशी गिळण्याचं काम लिव्हर करतं. रिटुक्सिमॅबने साधारण निम्म्या पेशंटना फरक पडतो, कॉम्प्लिमेंटला अडवणारं सुटिमलिमॅब अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झालं. फॉलिक अ‍ॅसिडची साधी गोळी मात्र विसरू नका. आणि कुठलंही ऑपरेशन ठरलं, विशेषतः हार्टचं, तर भूलतज्ज्ञांना आधी सांगाच, कारण बायपासमध्ये शरीर अनेकदा मुद्दाम गार करतात.

त्या आजींना दुपारी अडीचला अर्धी पिशवी लागली, बाकीची अर्धी संध्याकाळी. ग्रुप निघाला बी पॉझिटिव्ह, आणि गरम करून तपासल्यावर मागे लपलेली अँटी-ई सापडली, त्यामुळे ई नसलेल्या पिशव्या शोधाव्या लागल्या, तिसरीच पिशवी जुळली. डिस्चार्जच्या वेळी मी एका कार्डावर ग्रुप, कोल्ड अँटीबॉडी, अँटी-ई आणि सँपल ३७ डिग्रीला आणावे एवढं लिहून दिलं. मुलाने त्याचा फोटो काढला आणि कार्ड आईच्या आधार कार्डच्या पाकिटात घातलं. फेब्रुवारीत ते परत आले तेव्हा खिडकीतून आधी थर्मास आत आला, मग फॉर्म.